वाळूतला काळा कण: जलधरातील सेंद्रिय कर्ब आणि प्रदूषकांचं शोषण (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी

कोअर, म्हणजे जमिनीतून नळीत अखंड काढलेले गाळाचे उभे नमुने, आले. नळ्यांची दोन्ही टोकं मेणाने बंद आहेत. सगळ्या ४ अंशांच्या थंड खोलीत ठेवल्या. उघडायच्या आधी कामाचा प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे पुढे आकड्यांच्या गर्दीत तो हरवणार नाही. जलधराच्या, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थराच्या, गाळात सेंद्रिय कर्ब किती आहे, कोणत्या थरात आहे, कोणत्या प्रकारचा आहे, आणि त्यामुळे भूजलात उतरलेली प्रदूषकं किती प्रमाणात आणि किती काळ अडकून राहतात?

दोन रसायनं घेतोय. एक ट्रायक्लोरोइथिलीन, धातूच्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला जगभर वापरलं गेलेलं द्रावक. दुसरं फेनान्थ्रीन, डांबरात सापडणारं तीन वलयांचं संयुग. पहिलं पाण्यात लिटरला एक ग्रॅमहून थोडं जास्त विरघळतं, दुसरं लिटरला जेमतेम एक मिलिग्रॅम. दोघांना एकाच वाळूत सोडलं की कर्बाचं काम स्पष्ट दिसावं, हा हेतू.

९ जानेवारी

मोजमापाआधी कागदावरचा अंदाज.

विद्युतभार नसलेली, पाण्याशी फारसं न जमणारी संयुगं ओल्या गाळात खनिजांच्या पृष्ठभागावर बसण्याऐवजी सेंद्रिय पदार्थात शिरतात, ही मांडणी चिऊ आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये केली. खनिजांच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आधीच घट्ट बसलेले असतात. फेनान्थ्रीनला तिथे जागा मिळत नाही. सेंद्रिय पदार्थात मिळते. त्याच वर्षी कॅरिकहॉफ, ब्राउन आणि स्कॉट यांनी नैसर्गिक गाळांवरून एक सोपं नातं दिलं. संयुगाचा ऑक्टॅनॉल-पाणी गुणांक (ते पाण्यापेक्षा तेलकट द्रवात किती पट जास्त जातं ते) माहीत असला की त्याला साधारण ०.६ ने गुणायचं, आणि कर्बसापेक्ष गुणांक मिळतो. त्याला गाळातल्या सेंद्रिय कर्बाच्या अंशाने गुणलं की त्या गाळाचा वितरण गुणांक हाती येतो. म्हणजे समतोल साधल्यावर एक किलो गाळात किती आणि एक लिटर पाण्यात किती, याचं गुणोत्तर.

आता वाळू. सेंद्रिय कर्ब ०.०२ टक्के धरला, कोरडी घनता १.८, सच्छिद्रता ०.३३. ट्रायक्लोरोइथिलीनचा कर्बसापेक्ष गुणांक १६२ येतो, म्हणून वितरण गुणांक ०.०३ लिटर प्रति किलो. मंदन गुणक सांगतो की पाण्यापेक्षा प्रदूषक किती पट हळू सरकतं. तो म्हणजे १ अधिक (घनता भागिले सच्छिद्रता) गुणिले वितरण गुणांक: १.१८. पाणी ११८ मीटर गेलं तर ट्रायक्लोरोइथिलीन १०० मीटर जाणार. जवळपास बरोबरीनेच. फेनान्थ्रीनचा कर्बसापेक्ष गुणांक सुमारे २३,०००, वितरण गुणांक ४.६, मंदन गुणक २६. त्याच वाळूत पाणी २६ मीटर पुढे जाईपर्यंत हे एक मीटर सरकतं.

हे सगळं एका अटीवर. श्वार्त्सेनबाख आणि वेस्टॉल यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याहून जास्त असेल तेव्हा हे नातं भरवशाचं. त्याखाली खनिजांचा वाटा डोकं वर काढू लागतो. वाळूचे बहुतेक जलधर नेमके याच खालच्या पट्ट्यात असतात. शेतजमिनीच्या मातीत टक्काभर कर्ब असला तर आपण कमी म्हणतो. इथे त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याची भाषा आहे. तरीही पुष्कळ अहवालांत पुस्तकातला आकडा उचलून संपूर्ण जलधराला एकच मंदन गुणक लावलेला दिसतो. मला हे खटकतं, कारण त्या एका आकड्यावर विहीर किती वर्षं बंद ठेवायची हे ठरतं.

१५ जानेवारी

पहिला कोअर उभा चिरला. नळीच्या कडेची सेंटीमीटरभर वाळू बाजूला काढली. प्लास्टिकचा स्पर्श झालेला भाग शोषण चाचणीला घ्यायचा नाही, कारण प्लास्टिक स्वतःच सेंद्रिय प्रदूषक ओढतं आणि आपल्यातलंही काही सोडतं.

वरून खाली: पिवळसर मध्यम वाळू, तिच्यात गंजाच्या रंगाचे पट्टे. मग राखाडी वाळू. गंज नाही, म्हणजे इथे ऑक्सिजन पोचत नाही. राखाडी वाळूच्या मध्यावर बोटभर जाडीचा गडद तपकिरी, चिकट पोयट्याचा थर. चाकूच्या टोकाने उचलला तर पानाच्या शिरांसारखे तंतू सुटे झाले. जुन्या पुराच्या पाण्याने इथे पालापाचोळा आणून टाकला असावा आणि वरून वाळू पडून तो हवाबंद झाला असावा. त्याच्याखाली पुन्हा वाळू, पण तिच्यात बारीक काळे कण मिसळलेले.

सगळं एकत्र कालवून एक सरासरी नमुना करायचा का, अशी सूचना आली होती. मॅडम म्हणाल्या, "अजिबात नको. थर वेगळे ठेव, पट्ट्या वेगळ्या कर. एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही." पोयट्याचा थर स्वतंत्र बरणीत, काळ्या कणांची वाळू स्वतंत्र.

२१ जानेवारी

सेंद्रिय कर्ब मोजायचा कसा, यावर आजचा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

मातीपरीक्षणात सगळीकडे चालते ती वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत: पोटॅशियम डायक्रोमेट, त्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मिसळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर कर्बाचं ऑक्सिडीकरण, आणि उरलेल्या डायक्रोमेटचं अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबाने दुसरं द्रावण घालून ते किती उरलं हे मोजणं. या उष्णतेत साधारण ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरून उत्तराला १.३ ने गुणतात. शेताच्या मातीला ठीक. आमच्या वाळूला नाही, आणि त्याची कारणं तीन.

कर्ब इतका कमी की अनुमापनात थेंबाचा फरक म्हणजे उत्तराचा मोठा भाग. राखाडी वाळूत फेरस लोह आहे. तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब म्हणून मोजलं जातं, त्यामुळे आकडा फुगतो. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दगडी कोळसा, लोणारी कोळसा, काजळी यांसारखा कणखर कर्ब या पद्धतीत नीट जळतच नाही. प्रदूषकाला सगळ्यात घट्ट धरणारा कर्बच मोजणीतून निसटतो.

भट्टीत ५५० अंशांवर तापवून वजनातली घट मोजणंही बाद. चिकणमातीच्या जडणघडणीतलं पाणी त्याच तापमानाला निघून जातं आणि कर्बाच्या घटीपेक्षा तीच घट मोठी ठरते.

म्हणून कोरडं ज्वलन: आम्लाने कार्बोनेट काढायचं, उरलेला नमुना ऑक्सिजनमध्ये ९०० अंशांच्या वर जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त शोधकाने मोजायचा.

२४ जानेवारी

कार्बोनेटचा हिशेब मुद्दाम सविस्तर लिहिते, पुढे जो कोणी हे काम करेल त्याच्यासाठी.

कॅल्साइटमध्ये, म्हणजे चुनखडीच्या कार्बोनेट खनिजात, वजनाने १२ टक्के कर्ब असतो, आणि तो असेंद्रिय. वाळूत ५ टक्के कॅल्साइट असलं तर असेंद्रिय कर्ब ०.६ टक्के. शोधायचा आहे तो सेंद्रिय कर्ब ०.०२ टक्के. म्हणजे नको असलेला कर्ब हव्या असलेल्याच्या तीसपट. आम्ल दिल्यावर कॅल्साइटचा अगदी तीन टक्के भाग जरी न विरघळता उरला, तरी उत्तर जवळपास दुप्पट येतं. डोलोमाइट असलं तर थंड आम्लात ते रेंगाळतं. बुडबुडे थांबले म्हणून काम संपलं असं नाही, गरम करावं लागतं.

उलट बाजूचाही धोका आहे. आम्ल दिल्यावर नमुना पाण्याने धुतला तर विरघळलेला सेंद्रिय भाग धुण्याच्या पाण्यातून निघून जातो. म्हणून चांदीच्या छोट्या कपात दळलेला नमुना, त्यावर थेंबथेंब आम्ल, मंद आचेवर सुकवणं, पुन्हा थेंब, आणि न धुता तोच कप तसाच ज्वलनात. कप आधी भट्टीत तापवून घेतले, कारण बोटांवरचा तेलकटपणासुद्धा या पातळीवर दिसतो. प्रत्येक खेपेत रिकामे कप आणि आधी ५५० अंशांवर जाळलेली वाळू, दोन्ही सोबत.

२८ जानेवारी

रिकाम्या कपांचे आकडे स्थिर आले. आता नमुने.

३ फेब्रुवारी

कर्बाचे आकडे हातात. फिकट वाळू ०.०२ टक्क्याच्या आसपास. काळ्या कणांची वाळू त्याहून किंचित जास्त, पण एकाच बरणीतून काढलेल्या चमच्याचमच्यात तफावत मोठी. पोयटा एक टक्क्याच्या जवळ.

तफावतीचं कारण काळ्या कणांतच असणार. दहा-वीस मिलिग्रॅमच्या कपात एक कण जास्त आला की आकडा उडी मारतो. जास्त वाळू दळून, नीट मिसळून मग कपात भरायची, असं ठरवलं.

५ फेब्रुवारी

आजचा दिवस सूक्ष्मदर्शकाचा.

काळ्या कणांची वाळू काचेच्या बशीत पसरली. काळं ते सगळं कोळसा नाही. आधी कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. बरेच कण उडी मारून चिकटले, ते मॅग्नेटाइट. उरलेल्यांत काही जड, धातूसारखी चमक असलेले, सुईने दाबले तरी न फुटणारे. ते इल्मेनाइटसारखं खनिज. मग ते दिसले: कडा तीक्ष्ण, चमक काचेसारखी, सुईचं टोक टेकताच तडकणारे, आणि कागदावर ओढले की काळी रेघ सोडणारे. एकावर लाकडाच्या पेशींची जाळी अगदी स्पष्ट होती, ओळीने मांडलेली बारीक छिद्रं. तो लोणारी कोळसा, जुन्या कुठल्या तरी वणव्यातला. काहींवर अशी जाळी नव्हती, थर होते. ते दगडी कोळशाचे तुकडे, वरच्या खडकातून झिजून नदीबरोबर आलेले. आणि काही गडद राखाडी चुनखडीचे कण, ज्यांच्या आत सेंद्रिय पदार्थ बंदिस्त आहे.

वजनाने हे सगळं मिळून नगण्य. पण जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी नदीच्या वाळू-रेतीवर केलेल्या कामातून हेच पुढे आलं होतं की शोषणाचा मोठा भाग अशाच मोजक्या कणांवर उभा असतो. जड द्रवात, सोडियम पॉलिटंगस्टेटमध्ये, हलके कण वर तरंगवून वेगळे करायचे ठरवलं.

१० फेब्रुवारी

शोषण चाचण्यांची मांडणी. काचेच्या व्हायल, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, वर हवेची जागा जवळपास शून्य. पाण्यात ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे चिकणमाती विखुरत नाही आणि सेंट्रिफ्यूजनंतर पाणी स्वच्छ निघतं. जिवाणूंनी फेनान्थ्रीन खाऊ नये म्हणून सोडियम अॅझाइड. त्याबद्दल सूचना भिंतीवर लावली: हे पाणी आम्लाच्या बाटलीत ओतायचं नाही, विषारी हायड्रॅझोइक आम्ल वायू होऊन निघतं, आणि बेसिनमध्येही नाही, तांब्या-शिशाच्या नळांत स्फोटक क्षार साचतात.

प्रमाणाचा विचार आधीच करावा लागतो. फेनान्थ्रीनचा गुणांक वाळूसाठी ५ च्या आसपास धरला तर एक भाग वाळू आणि पाच भाग पाणी घेतल्यावर निम्मं फेनान्थ्रीन वाळूत आणि निम्मं पाण्यात राहतं. हे मोजायला उत्तम. ट्रायक्लोरोइथिलीनचा गुणांक ०.०३, वाळू आणि पाणी समान घेतलं तरी तीन टक्केच शोषलं जाईल. मोजणीतली चूकच तेवढी असते. फिकट वाळूतल्या ट्रायक्लोरोइथिलीनसाठी व्हायल उपयोगाच्या नाहीत, स्तंभ लागेल, म्हणजे वाळू भरलेल्या नळीतून पाणी सोडून बघावं लागेल. पोयट्यासाठी चालतील.

सोबत गाळाशिवायच्या व्हायल. फेनान्थ्रीन काचेलाही चिकटतं. ती घट गाळाच्या खात्यावर चढवायची नाही.

१३ फेब्रुवारी

शेकर सुरू. खोली अंधारी ठेवली आहे, फेनान्थ्रीन उजेडात फुटतं.

२४ फेब्रुवारी

पहिले आकडे. पोयटा कागदावरच्या अंदाजाच्या जवळ. फिकट वाळू थोडी वर. काळ्या कणांची वाळू अंदाजाच्या चौपट, आणि अजून वाढते आहे.

मॅडमसोबत बसून हिशेब केला. समजा त्या वाळूतल्या कर्बापैकी दहावा हिस्सा कोळशासारखा आहे, आणि तो साध्या सेंद्रिय पदार्थापेक्षा तीसपट जोरात धरतो. मग नव्वद टक्क्यांचे ०.९ आणि दहा टक्क्यांचे ३, बेरीज ३.९. चौपट. कोळसा, काजळी यांचं शोषण साध्या सेंद्रिय पदार्थाच्या दहा ते शंभरपट असतं हे मान्य झालेलं आहे, तेव्हा तीस हा आकडा ओढूनताणून आणलेला नाही. मात्र हे जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. वेगळ्या काढलेल्या हलक्या कणांवर स्वतंत्र चाचणी झाली की मगच.

३७५ अंशांवर हवेत चोवीस तास तापवून उरलेला कर्ब मोजण्याची रीतही वापरून पाहतो आहोत. तिची मर्यादा माहीत आहे: काजळी टिकते, पण कमी तापमानाला तयार झालेला लोणारी कोळसा बराचसा जळून जातो. आमच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या कणांना ही रीत न्याय देणार नाही. त्यामुळे तो आकडा किमान मर्यादा म्हणूनच लिहायचा.

७ मार्च

काळ्या कणांची वाळू अजून समतोलाला आलेली नाही. पाण्यातलं प्रमाण दर वेळी थोडं खाली. चोवीस तासांच्या प्रमाणित चाचणीवर थांबलो असतो तर आकडा निम्म्याहून कमी लिहिला गेला असता.

याचा जगप्रसिद्ध दाखला कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या बोर्डनचा. २३ ऑगस्ट १९८२ रोजी तिथल्या वाळूच्या उथळ जलधरात सुमारे १२ घनमीटर पाणी सोडलं गेलं. त्यात ब्रोमाइड-क्लोराइडसारखे न अडकणारे माग काढणारे क्षार आणि पाच सेंद्रिय संयुगं: ब्रोमोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, टेट्राक्लोरोइथिलीन, डायक्लोरोबेंझिन, हेक्झाक्लोरोइथेन. नमुने घेण्याच्या नळ्यांचं दाट जाळं रोवून त्या दूषित पाण्याच्या ढगाचा प्रवास दोन वर्षांहून अधिक काळ पाहिला. वाळूत सेंद्रिय कर्ब जेमतेम ०.०२ टक्के, आमच्या फिकट वाळूएवढाच. आणि मंदन गुणक स्थिर राहिलेच नाहीत. टेट्राक्लोरोइथिलीनचा सुमारे २.७ वरून ५.९ पर्यंत चढला, डायक्लोरोबेंझिनचा ३.९ वरून ९ पर्यंत. जसजसा काळ गेला तसतसा तो ढग आणखी मागे पडत गेला.

का, याचा मोठा भाग बॉल आणि रॉबर्ट्स यांनी १९९१ मध्ये उलगडला. त्याच वाळूवर, काच वितळवून बंद केलेल्या कुप्यांत चाचण्या लावल्या, तर समतोलाला दिवस नव्हे, आठवडे आणि महिने लागले. वाळू दळून घेतली की वेळ झपाट्याने कमी झाला. म्हणजे रेणू कणाच्या आत, बारीक भेगांतून, हळूहळू शिरत होते. कण जेवढा मोठा तेवढी वाट लांब.

आमच्या कोळशाच्या कणांनाही हेच लागू. म्हणून काचबंद कुप्यांचा एक संच लावायचं ठरवलं. त्यातल्या काही प्रकल्पाची मुदत संपेपर्यंत उघडायच्या नाहीत.

१० मार्च

कुप्या बंद करून झाल्या. अर्धी वाळू दळलेली, अर्धी जशीच्या तशी.

१८ मार्च

वेगवेगळ्या प्रमाणांवरच्या चाचण्या. पोयट्याचा आलेख जवळपास सरळ रेघ. काळ्या कणांच्या वाळूचा वाकलेला. फ्रॉइंडलिखच्या समीकरणातला घातांक (सरळ रेघेला १, वाकलेल्या आलेखाला त्याहून कमी) ०.७ च्या आसपास बसतो.

वाकलेला आलेख म्हणजे कोळशावरच्या जागा मर्यादित आहेत आणि कमी प्रमाणात त्या आधी भरतात. याचा अर्थ प्रत्यक्षात काय? घातांक ०.७ असेल, तर पाण्यातलं प्रमाण हजारपट घटल्यावर प्रत्यक्षात लागू पडणारा वितरण गुणांक सुमारे आठपट वाढतो. गळतीच्या जागेजवळ, जिथे पाणी खूप दूषित आहे, तिथे वाळू प्रदूषकाला तुलनेने सैल सोडते. ढगाच्या टोकाला, जिथे प्रमाण मायक्रोग्रॅमवर आलेलं असतं, तिथे घट्ट धरते. साफसफाई शेवटच्या टप्प्यात येऊन रखडते ती याच पट्ट्यात. एकच गुणांक घेऊन चालणाऱ्या संगणकी प्रतिमानाला हे दिसूच शकत नाही.

२६ मार्च

पदव्युत्तर वर्गाच्या मुलांनी प्रयोगशाळा पाहिली. एकीने विचारलं, "मॅडम, मग सेंद्रिय कर्ब जास्त म्हणजे जलधर जास्त सुरक्षित, असं समजायचं का?"

प्रश्न फार चांगला होता. उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं सगळ्यात वेदनादायी उदाहरण बंगालच्या खोऱ्यातलं आर्सेनिक. तिथल्या गाळात आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडवर बसलेलं असतं. गाळातला आणि पाण्याबरोबर आलेला सेंद्रिय कर्ब जिवाणूंचं खाद्य ठरतो. ते ऑक्सिजन संपल्यावर श्वसनासाठी लोहाचं ऑक्साइड वापरतात, लोह विरघळतं आणि त्यावरचं आर्सेनिक पाण्यात येतं. शिवाय विरघळलेली ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) उरलेल्या ऑक्साइडवरच्या जागांसाठी आर्सेनिकशी स्पर्धा करतात. जो कर्ब फेनान्थ्रीनला धरतो तोच आर्सेनिकला मोकळं करतो. आमच्या राखाडी वाळूत गंज नाही, ही त्याच प्रक्रियेची खूण. म्हणून अहवालात "शोषणक्षमता चांगली" असं मोघम वाक्य नको. कोणत्या प्रदूषकासाठी, हे प्रत्येक ठिकाणी लिहायचं.

४ एप्रिल

पोयट्याच्या व्हायलमधलं पाणी सेंट्रिफ्यूजनंतरही चहासारखं पिवळसर. त्यात विरघळलेलं ह्युमिक द्रव्य आहे, आणि तेही फेनान्थ्रीन धरतं. पाण्यातलं मोजलेलं सगळं फेनान्थ्रीन मोकळं नाही.

किती फरक पडतो? पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कर्ब लिटरला १० मिलिग्रॅम आणि त्याचा फेनान्थ्रीनसाठीचा गुणांक १०,००० धरला तर फरक दहा टक्के. सोसण्यासारखा. पण बेन्झोपायरीनसारख्या पाच वलयांच्या संयुगासाठी तो गुणांक एक लाख धरला, तर पाण्यातलं निम्मं ह्युमिक द्रव्यावर स्वार होऊन फिरत असणार. विहिरीच्या पाण्यात अशी संयुगं अपेक्षेपेक्षा दूर सापडतात त्यामागे हेही एक कारण असतं. आमच्या आकड्यांना दुरुस्ती लावली आणि तसं नमूद केलं.

१६ एप्रिल

स्तंभ चालू. स्टेनलेस स्टीलची नळी, जोडण्याही स्टीलच्या. फिकट वाळू पाण्याखाली थराथराने भरली, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून. आधी ब्रोमाइड बाहेर आलं, त्याच्या जरा मागून ट्रायक्लोरोइथिलीन. अंतर थोडं, पण पुन्हा करून पाहिलं तरी तेच. कागदावरच्या १.१८ पेक्षा किंचित जास्त.

मग पंप थांबवून दोन दिवस स्तंभ तसाच राहू दिला आणि पुन्हा सुरू केला. प्रवाह सुरू होताच बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं ट्रायक्लोरोइथिलीन आधीपेक्षा खाली गेलेलं दिसलं. थांबलेल्या वेळात रेणू कणांच्या आत शिरत राहिले. काळ्या कणांच्या वाळूच्या स्तंभात ही घसरण आणखी ठळक.

२९ एप्रिल

सोडवणुकीच्या चाचण्या. दूषित पाणी काढून स्वच्छ पाणी भरायचं, हलवायचं, पुन्हा काढायचं. सोबत दुसऱ्या संचात टेनॅक्सचे मणी, जे पाण्यात आलेलं फेनान्थ्रीन लगेच उचलतात. त्यामुळे गाळ किती पटकन सोडतो ते कळतं.

फिकट वाळूने बहुतांश लवकर सोडलं. पोयट्यानेही, थोड्या अधिक वेळात. काळ्या कणांच्या वाळूतून पहिल्या काही तासांत एक हिस्सा आला, आणि मग आलेख जवळपास आडवा. उरलेलं गेलेलं नाही. ते आत आहे, आणि थेंबाथेंबाने येत राहणार. याच्या दोन बाजू आहेत. पाण्यात येत नाही तोवर ते कुणाच्या पोटात जात नाही, हे खरं. पण "गाळात इतकं शिल्लक, म्हणून पाण्यात इतकं येणार" हा हिशेबही चुकतो आणि "पाणी स्वच्छ झालं, पंप बंद करा" हाही. पंप बंद केल्यावर महिन्यांनी पातळी पुन्हा वर चढते, हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे.

१० मे

प्रतिमानात काय घालायचं, यावर बैठक. मी एकच हिशेब मांडला.

तीन मीटर वाळू, कर्ब ०.०२ टक्के. तिच्यात पाच सेंटीमीटर पोयटा, कर्ब १ टक्का, घनता १.६, सच्छिद्रता ०.४. दोन्ही थर एकाच दूषित पाण्याशी समतोलात आहेत असं धरलं, आणि कोळसा तूर्तास बाजूला ठेवला. ट्रायक्लोरोइथिलीनचा सुमारे ११ टक्के साठा त्या पाच सेंटीमीटरमध्ये. फेनान्थ्रीनचा सुमारे ४२ टक्के. एकूण जाडीत पोयट्याचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

आणि पोयट्यातून पाणी वाहत नाही म्हणावं इतकं हळू जातं. आत जाणं आणि बाहेर येणं, दोन्ही विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे रेणूंच्या आपोआप पसरण्याने. वर वाळू धुऊन निघाली की प्रमाणाचा उतार उलटा होतो आणि पोयटा साठलेलं परत वाळूत सोडू लागतो. मंदन गुणक जेवढा मोठा तेवढी ही परतफेड लांबते. बोअर खोदताना असा थर गाळणीच्या नळीमागे गेला, वा नोंदीत "बारीक वाळू" म्हणून लिहिला गेला, तर प्रतिमानाला तो कधीच कळत नाही.

मॅडमनी विचारलं, "सरासरी कर्ब एक आकडा म्हणून मागतील तेव्हा?" ठरलं ते असं. सरासरी द्यायची नाही. थरवार तक्ता द्यायचा. प्रत्येक थराचा कर्ब, त्यातल्या कोळसासदृश कर्बाची किमान मर्यादा, आलेख सरळ की वाकलेला, आणि चाचणी किती काळ चालली. प्रतिमानात दोन कप्पे: एक पटकन देवाणघेवाण करणारा, एक संथ. पोयट्याची जाळी सेंटीमीटरच्या मापाने.

१४ मे

हलक्या कणांवरच्या चाचणीचा पहिला आकडा आला. वेगळ्या काढलेल्या काळ्या कणांचा कर्बसापेक्ष गुणांक साध्या सेंद्रिय पदार्थाच्या कितीतरी पट, आणि अजून चढता. तीसच का, हे आता ठरवता येणार नाही. दिशा मात्र तीच. जड द्रवाचा अंश कणांवर राहिला तर शोषण बदलू शकतं, म्हणून त्याच द्रवात बुडवून धुतलेली फिकट वाळू तुलनेला लावली.

१९ मे

बुडवलेल्या आणि न बुडवलेल्या फिकट वाळूत फरक नाही. काळ्या कणांचा आकडा ग्राह्य धरला. पुढच्या कोअरमध्ये पोयट्याच्या वरची आणि खालची दहा-दहा सेंटीमीटर वाळू सेंटीमीटरच्या चकत्यांत कापायची. विसरणाचा उतार मोजायला तेवढं बारीक लागेल. चांदीचे कप संपत आलेत, मागणी टाकली. काचबंद कुप्यांचा पुढचा गट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडायचा, आधी दळलेल्या, मग न दळलेल्या.